तेरा मिनिटांच्या निरोपाला तमाशा म्हणणाऱ्यांसाठी

सरळ पास (धागाकर्ती)

अ‍ॅलेक्स मॉर्गन या अमेरिकी फुटबॉलपटूच्या शेवटच्या सामन्याची चित्रफीत काल परत एकदा फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. खाली एका गृहस्थांनी लिहिलं होतं की बाई तेरा मिनिटं खेळल्या, पेनल्टी घालवली, संघ ४-१ ने हरला आणि तरी लोक रडतायत. हा खेळ नसून तमाशा आहे, आणि पुरुष खेळाडूनं असं केलं असतं तर प्रेक्षकांनी त्याला हुर्यो उडवून बाहेर काढलं असतं. तिथेच उत्तर लिहायला बसले होते. ते इतकं वाढलं की इथे वेगळा धागा काढतेय.

आधी त्या तेरा मिनिटांबद्दल. ५ सप्टेंबर २०२४ ला, गुरुवारी, तिनं निवृत्ती जाहीर केली आणि त्याच वेळी सांगितलं की ती दुसऱ्यांदा आई होणार आहे. सामना रविवारी होता. म्हणजे मैदानावर उतरली तेव्हा ती गरोदर होती. नव्वद मिनिटं खेळायचा प्रश्नच नव्हता. तरी कर्णधाराची पट्टी बांधून उतरली, पेनल्टी मिळाली ती स्वतः घेतली, गोल झाला नाही. तिच्या जर्सीचा आकडा तेरा, म्हणून तेराव्या मिनिटाला तिला बाहेर बोलावलं. तिनं बूट मैदानातच काढले, एकेकीला मिठी मारली आणि निघाली. सॅन डिएगोच्या स्नॅपड्रॅगन स्टेडियममध्ये पंचवीस हजारांवर माणसं उभी होती.

ती माणसं त्या तेरा मिनिटांसाठी टाळ्या वाजवत नव्हती. २०१२ च्या ऑलिंपिकची उपांत्य फेरी ज्यांनी पाहिलीय त्यांना हे सांगावं लागत नाही. ओल्ड ट्रॅफर्ड, कॅनडाविरुद्ध ३-३, जादा वेळही संपलेला, पेनल्ट्यांची तयारी मनात सुरू झालेली, आणि १२३ व्या मिनिटाला हेदर ओ'रायलीचा क्रॉस आणि मॉर्गनचं हेडर. मी तेव्हा शाळेत होते. घरात सगळे झोपलेले. मी उशीत तोंड खुपसून ओरडले होते. पुढे तिचे देशासाठी एकूण गोलही बरोबर १२३ च झाले, २२४ सामन्यांत. हा योगायोग मी कितीजणांना सांगितलाय त्याची गणती नाही.

पण गोल सोडा. २०१६ मध्ये स्वतःच्याच अमेरिकी फुटबॉल महासंघाविरुद्ध वेतनातल्या भेदभावाची तक्रार करणाऱ्या पाच जणींत ती होती. २०१९ मध्ये महिला दिनाच्या दिवशी २८ जणींनी खटला भरला, त्यात ती पुढे होती. २०२१ मध्ये अमेरिकेच्या महिला लीगमधल्या माना शिम आणि शिनेड फॅरेली या खेळाडू प्रशिक्षकाच्या गैरवागणुकीबद्दल उघड बोलल्या तेव्हा लीगनं हात वर करू नयेत म्हणून मॉर्गननं फॅरेली आणि लीगमधले ईमेलच लोकांसमोर ठेवले. लीगच्या आयुक्तांना पद सोडावं लागलं. निवृत्तीच्या दिवशी तिनं सांगितलं की तिच्या चार वर्षांच्या मुलीला मोठेपणी फुटबॉलपटू व्हायचंय, आणि तसं होता येतं हे चार वर्षांच्या पोरीलाही आता दिसतं याचा तिला अभिमान वाटतो. ती वाट जिनं खणली तिला तेरा मिनिटं उभं राहून टाळ्या द्यायच्या नाहीत तर कुणाला द्यायच्या?


जुना बॅक

साफ असहमत. "तमाशा" हा शब्द मी वापरला नसता, पण त्या गृहस्थांचा मुद्दा तुम्ही भावनेच्या भरात उडवून लावलात.

तो लीगचा सामना होता. त्याला गुण होते. समोर नॉर्थ कॅरोलायनाचा संघ गुण घ्यायला आला होता, समारंभाला नाही. तुमच्या संघातल्या बाकीच्या दहा जणींनी आठवडाभर काय सराव केला असेल? "तेराव्या मिनिटापर्यंत सांभाळा, मग रडा, मग परत खेळा"? बचावफळीत खेळलेल्या कुणालाही विचारा, एकदा लक्ष उडालं की ते परत जागेवर यायला किती वेळ लागतो. चार गोल खाल्ले.

निरोप द्यायचाच तर त्यासाठी मैत्रीपूर्ण सामने असतात. मॉर्गनच्याच अमेरिकी संघातल्या मेगन रॅपिनोला महासंघानं २०२३ मध्ये शिकागोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तसा सामना दिला. कार्ली लॉइडलाही २०२१ मध्ये दिला. सगळं रीतसर झालं, कुणाचा गुण गेला नाही. आणि खरा निरोप कसा असतो ते बघायचं असेल तर जपानची होमारे सावा बघा. डिसेंबर २०१५, तिथल्या एम्प्रेस कपचा अंतिम सामना, शेवटची दहा-बारा मिनिटं उरलेली, ०-०, आणि तिनं कॉर्नरवर हेडर मारून कप जिंकून दिला. ३७ वर्षांची होती. ती पूर्ण खेळली आणि जिंकून गेली. याला म्हणतात शेवट.


बारा नंबर

जुना बॅक यांना मैत्रीपूर्ण सामन्याच्या मुद्द्यावर +१. ५ डिसेंबर २०२३, व्हँकुव्हर, क्रिस्टीन सिंक्लेअरचा कॅनडासाठी शेवटचा सामना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ४८,११२ प्रेक्षक. स्टेडियमचं नावच त्या दिवसापुरतं बदलून तिच्या नावावर केलं होतं. १९० आंतरराष्ट्रीय गोल! स्त्री-पुरुष धरून जगात कुणाचे एवढे नाहीत. आणि सामना कॅनडानं जिंकला.

आता धागाकर्तीनं तो ओल्ड ट्रॅफर्डचा सामना काढलाच आहे तर गप्प बसणार नाही. त्या सामन्यात सिंक्लेअरनं तीन गोल केले होते. तीन! ८० व्या मिनिटाला कॅनडा ३-२ नं पुढे होता. गोलरक्षकानं चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त धरला म्हणून अप्रत्यक्ष फ्री किक दिली, त्यातून हँडबॉल, त्यातून पेनल्टी. तो नियम त्याआधी एवढ्या मोठ्या सामन्यात कुणी लावलेला तुम्ही पाहिलाय का? तुमचा १२३ व्या मिनिटाचा गोल त्या शिट्टीवर उभा आहे. तुम्ही उशीत ओरडलात. मी दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो.


शिट्टी

बारा नंबर, मी पंच म्हणून काम करतो त्यामुळे एवढंच. नियम पुस्तकात होता. खरा वाद "सगळेच धरतात" यावर आहे. मी स्वतः गोलरक्षकांना आधी तोंडी समज देतो, सामन्यात दोन-दोन वेळा देतो. शिक्षा फार कठोर होती म्हणून पंच ती द्यायला कचरायचे, हे खरं. म्हणूनच २०२५ पासून आठ सेकंद आणि शिक्षा म्हणून कॉर्नर असा बदल केला. पण नियम लावल्याबद्दल पंचाला इतकी वर्षं शिव्या घालायच्या हे मला पटत नाही. आम्हाला तर निवृत्तीला कुणी हात हलवूनही निरोप देत नाही.


सरळ पास (धागाकर्ती)

@जुना बॅक, दोन गोष्टी.

मैत्रीपूर्ण सामना तिला कधी मिळणार होता? ती गरोदर होती. महासंघानं सोयीची तारीख काढून सामना ठरवेपर्यंत ती मैदानात उतरण्याच्या अवस्थेत राहिली असती का? रॅपिनोला विश्वचषकानंतर सावकाश जाता आलं, सिंक्लेअरलाही. आईपणाचं वेळापत्रक महासंघाच्या वेळापत्रकाला विचारून येत नाही.

दुसरं, याच लीगमध्ये खेळ याआधीही एका ठरावीक मिनिटाला थांबलेला आहे. ६ ऑक्टोबर २०२१. शिम आणि फॅरेली बोलल्यानंतरचे ते सामने. सहाव्या मिनिटाला दोन्ही संघांच्या मुली खेळ सोडून मधल्या वर्तुळात हातात हात घालून उभ्या राहिल्या. सहावं मिनिट का, तर ऐकून घ्यायला सहा वर्षं लावली म्हणून. त्या सामन्यांनाही गुण होते. तेव्हा कुणाचं लक्ष उडालं असेल तर उडू दे, असंच मी म्हणेन. ज्यांनी तेव्हा मैदानात उभं राहून ते केलं त्यांनाच तेरावं मिनिट मागायचा हक्क आहे.


जुना बॅक

ते वेगळं, हे वेगळं. तिथे अन्याय झाला होता. इथे एका खेळाडूची कारकीर्द संपली. दोन्ही एका पारड्यात घालू नका. गरोदरपणाचा मुद्दा मात्र मला माहीत नव्हता, तो मी चित्रफितीत पाहिला नाही. तेवढं मागे घेतो. तेवढंच.


हिशेबनीस

मूळ लेखात "वेतनातल्या भेदभावाची तक्रार" असं सहज लिहून टाकलंय, जणू ते सिद्धच झालं होतं. जरा आकडे बघू.

मे २०२० मध्ये न्यायालयानं वेतनाचा भाग फेटाळला. कारण? २०१५ ते २०१९ या पाच वर्षांत महिला संघाला एकूण सुमारे २ कोटी ४५ लाख डॉलर मिळाले, पुरुष संघाला १ कोटी ८५ लाख. सामन्यामागे सरासरी काढली तरी महिलांची सुमारे २ लाख २० हजार, पुरुषांची २ लाख १२ हजार. त्यांनी वाटाघाटीत स्वतःच पक्का पगार मागून घेतला होता, पुरुषांसारखा "खेळाल तर मिळेल" हा करार नाकारला होता. पक्का पगारही हवा आणि दुसऱ्याच्या करारातले बोनसही हवेत, असं कुठल्याही हिशेबात बसत नाही. टाळ्या खुशाल वाजवा, पण ही गोष्ट इतिहास म्हणून सांगू नका.


मातीतला

वेतनावर येण्याआधी कुणी टर्फबद्दल बोलणार आहे का? २०१५ चा विश्वचषक, कॅनडा, सहाच्या सहा मैदानं कृत्रिम टर्फची. पुरुषांचा अख्खा विश्वचषक असा कधीच झालेला नाही. मॉर्गन, अमेरिकेचीच वॅम्बाक, ब्राझीलची मार्ता, अशा कितीतरी जणींनी २०१४ मध्ये ऑन्टारियोच्या मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे तक्रार केली, आणि जानेवारीत मागे घ्यावी लागली, कारण स्पर्धा तोंडावर आली तरी कुणी हलायला तयार नव्हतं. पहिल्या सामन्याच्या दिवशी एडमंटनमध्ये टर्फचं तापमान ४९ अंश सेल्सिअसच्या आसपास मोजलं गेलं. त्यावर घसरून टॅकल करायचं!

मी टर्फवर सात वर्षं खेळलो. माझ्या दोन्ही मांड्यांवर आजही डाग आहेत. गवतावर पाय फिरला तर माती सुटते, टर्फवर बूट अडकतो आणि गुडघा फिरतो. मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. ज्या संस्थेकडून खेळायचो तिथे सांगितलं की मैदान परवडत नाही, डॉक्टर तुमचा तुम्ही बघा.


हिशेबनीस

मातीतला, तुमच्याबद्दल वाईट वाटतं. पण विषय काय चाललाय?


गोलपोस्टमागे

विषय तुम्हीच बदललात हिशेबनीस, दुसऱ्याला काय विचारता. धागा निरोपाचा होता.

आणि तुमचे आकडे खरे आहेत पण अर्धे आहेत. महिलांना एकूण जास्त का मिळाले ते का लिहीत नाही? कारण त्या काळात महिला १११ सामने खेळल्या आणि पुरुष ८७. कारण महिलांनी दोन विश्वचषक जिंकले. पुरुष २०१८ ला पात्रसुद्धा ठरले नाहीत, त्रिनिदादकडून २-१ ने हरून घरी बसले. म्हणजे जगज्जेतेपद दोनदा मिळवल्यावर ज्यांना घरी बसलेल्यांपेक्षा सामन्यामागे जेमतेम आठ हजार डॉलर जास्त मिळतात, त्यांना तुम्ही "समान" म्हणताय. माझ्या कार्यालयात मी दुप्पट काम करून सहकाऱ्याएवढा पगार घेतला आणि साहेबानं "बघ, समान दिला" असं सांगितलं, तर मी काय करायचं?


हिशेबनीस

"दुप्पट काम" हा भावनिक शब्द झाला. करार कराराच्या भाषेत बघायचा असतो. पुरुषांचे बोनस मोठे का होते? फिफाकडून येणारी बक्षिसाची रक्कम मोठी म्हणून. २०१८ च्या पुरुष विश्वचषकात एकूण ४० कोटी डॉलर, फ्रान्सला त्यातले ३ कोटी ८० लाख. २०१९ च्या महिला विश्वचषकात एकूण ३ कोटी, विजेत्यांना ४० लाख. हा फरक अमेरिकी महासंघानं केलेला नाही. त्यासाठी महासंघाला कोर्टात खेचणं चुकीच्या दारावर धडका मारणं होतं.


सरळ पास (धागाकर्ती)

चुकीचं दार? त्याच दाराच्या आतून काय लिहून आलं होतं ते आठवतंय का? मार्च २०२० मध्ये महासंघाच्या वकिलांनी न्यायालयात म्हटलं की पुरुष संघाच्या कामाला जास्त कौशल्य आणि जास्त जबाबदारी लागते. चार वेळा विश्वचषक जिंकलेल्या संघाबद्दल! त्यानंतर जपानविरुद्धच्या सामन्याआधी सगळ्याजणी सरावाचा शर्ट उलटा घालून आल्या. महासंघाचं बोधचिन्ह आत गेलं, फक्त चार ताऱ्यांची शिवण बाहेरून दिसत होती. दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी राजीनामा दिला. चुकीच्या दारावर धडका मारल्या असत्या तर आतला माणूस पडला नसता.

माझ्या भिंतीवर अनेक वर्षं त्या उलट्या शर्टांचं चित्र होतं. मी काही फार धीट मुलगी नव्हते. कुणी काही बोललं की मान खाली. त्या चित्रामुळे मी एका मुलाखतीत पहिल्यांदा विचारलं की याच जागेवर आधी जो होता त्याला किती देत होतात. नोकरी मिळाली नाही. पण विचारलं.


हिशेबनीस

ते वाक्य निंद्य होतं, मान्य. वकिलांनी लिहायला नको होतं. पण वाक्य निंद्य होतं म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. शेवटी फेब्रुवारी २०२२ ला तडजोडच झाली ना? २ कोटी ४० लाख. निकाल नव्हे, तडजोड.


गोलपोस्टमागे

तडजोडीत ज्याला पैसे द्यावे लागतात तो हरलेला असतो, साधं आहे. आणि मे २०२२ चा करार सोडून का दिलात? दोन्ही संघांच्या संघटनांनी एकत्र सही केली. विश्वचषकाची दोन्ही बक्षिसं एका डब्यात, त्यातली ९० टक्के दोन्ही संघांत सारखी. जगात असं आधी कुणी केलं नव्हतं. २०२२ च्या कतार विश्वचषकात पुरुष उपउपांत्यपूर्व फेरीत हरले, १ कोटी ३० लाख आणले, त्यात महिलांचा वाटा. पुरुषांनीही सही केली, त्यांना कुणी जबरदस्ती केली नव्हती.


हिशेबनीस

आणि पुढच्या वर्षी महिलांनी काय आणलं? २०२३ ला स्वीडनकडून पेनल्ट्यांवर हरून त्याच फेरीत बाहेर. म्हणजे त्या डब्यात टाकलं पुरुषांनी आणि काढलं महिलांनी. हेच मी सांगत होतो.


गोलपोस्टमागे

दोघं एकाच फेरीत हरले आणि तरी पुरुषांनी आणलेली रक्कम कितीतरी मोठी. एकाच पायरीवरून पडल्यावर एकाला जास्त आणि दुसरीला कमी मिळतं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच सांगा. तुम्ही स्वतःच माझा मुद्दा मांडलात.


हिशेबनीस

...ठीक. फिफाच्या रकमेत अन्याय आहे, हे मी नाकारलं नव्हतं. महासंघानं तो स्वतःच्या खिशातून भरावा का, हा माझा प्रश्न होता. पुरुष खेळाडू आपणहून तयार झाले हे बरोबर आहे, आणि ते त्यांना कुणी पटवलं असेल तर या बायकांनीच पटवलं. इथपर्यंत येतो. यापुढे नाही.


राखीव बाकावरची

बराच वेळ नुसतं वाचत होते. डॉलरमधलं मला फार कळत नाही. जुना बॅक यांच्या पहिल्या प्रतिसादावर लिहायचंय.

मी मुलगी झाल्यावर आठ महिन्यांनी संघात परतले. आमच्या प्रशिक्षकांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता तू पोरगी सांभाळ, इथे जागा अडवू नकोस. मी रोज पहाटे एकटी धावायचे. कसाबसा एक सामना मिळाला, शेवटची वीस मिनिटं. तो माझा शेवटचा सामना होता हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. पुढच्या यादीत नाव नव्हतं, त्याच्या पुढच्या यादीतही नव्हतं, मग मी यादी बघायला जाणं बंद केलं. माझे बूट पिशवीत तसेच राहिले, त्यांच्या तळाला त्या दिवसाची माती होती. वर्षभरानं मुलीनं ती खरवडून काढली.

मॉर्गनला मे २०२० मध्ये मुलगी झाली. त्याच वर्षी ती इंग्लंडला टॉटेनहॅमकडून खेळली, पुढच्या वर्षी ऑलिंपिक खेळली, २०२२ ला १५ गोल करून लीगची गोल्डन बूट घेतली. दुसऱ्या खेपेला तिनं स्वतः ठरवलं की आता पुरे, आणि कधी, कुठे, कुठल्या मिनिटाला, तेही तिनं ठरवलं. तिनं बूट काढले ते पाहताना मी रडले. तिच्यासाठी रडले की माझ्यासाठी ते मला सांगता येणार नाही. बाईला स्वतःचा शेवट स्वतः ठरवता येतो एवढं मला त्या दिवशी दिसलं. त्यासाठी एका सामन्याचे तीन गुण गेले असतील तर जाऊ देत.


बारा नंबर

राखीव बाकावरची, वाचून थांबलो. सिंक्लेअर बाकी माझीच राहील, पण मॉर्गनबद्दलचा राग आज जरा कमी झाला. पंचांबद्दलचा नाही.


जुना बॅक

राखीव बाकावरची यांच्या अनुभवाचा आदर आहे. पण म्हणून तत्त्व बदलत नाही. रोज कुणी ना कुणी निवृत्त होतो. प्रत्येकासाठी सामना थांबवायचा का? फक्त जिचा चेहरा जाहिरातींत दिसतो तिच्यासाठी थांबवायचा? क्रिस्टीन लिली अमेरिकेसाठी ३५४ सामने खेळली, तेवढे दुसरं कुणीच खेळलेलं नाही. तिचं नाव इथे किती जणांना आठवलं? टाळ्या प्रसिद्धीला मिळतात. जे मागे उभे राहून चेंडू बाहेर काढतात त्यांना कुणी विचारत नाही.


गोलपोस्टमागे

आता खरं बाहेर आलं. तुमच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून दुसऱ्या कुणासाठी वाजू नयेत, एवढंच आहे हे. तत्त्व वगैरे काही नाही.


जुना बॅक

तुम्हाला माझ्याबद्दल काय माहीत आहे? बारा वर्षं एकाच संघाकडून खेळलो. गुडघा गेला, दोघांनी उचलून बाहेर आणलं, खेळ लगेच सुरू झाला कारण आम्ही एक गोलनं पुढे होतो आणि वेळ जायला नको होता. सामान ठेवणारा माणूस जर्सी मागायला आला, कारण बदली खेळाडूच्या मापाची दुसरी नव्हती. मी ती अंगातून काढून दिली. सामना जिंकला. मी कधी तक्रार केली नाही, आजही करत नाही. खेळ असाच असतो असं मला शिकवलंय. ज्यांना वेगळं शिकवलंय त्यांनी वेगळं बोलावं, पण माझ्या तत्त्वाला मत्सर म्हणू नका.


गोलपोस्टमागे

मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. मागे घेतो. पण तुम्हाला जे शिकवलं ते चूक शिकवलं, हे मागे घेत नाही.


मातीतला

गुडघा कशानं गेला? टर्फ होतं का?


जुना बॅक

नाही. गवतच होतं. ओलं होतं.


सरळ पास (धागाकर्ती)

जुना बॅक, तुम्ही लॉइडच्या निरोपाचं उदाहरण दिलंत, "रीतसर" म्हणून. मी तो सामना काल परत पाहिला. लॉइड बाहेर जाताना मैदानातच बूट काढते, वरची जर्सी काढते, आतल्या जर्सीवर तिचं लग्नानंतरचं नाव असतं. तिच्या जागी जी आत येते ती मॉर्गन. २६ ऑक्टोबर २०२१ चा तो सामना. तीन वर्षांनी मॉर्गननं तेच केलं, बूट तसेच काढले. या मुली एकमेकींना जाताना बघून जायचं कसं ते शिकल्यात. तुमच्या वेळी बघायला कुणी नव्हतं.

लिलीबद्दल तुमचं खरं आहे. ३५४. मलाच आधी लिहायला हवं होतं.


जुना बॅक

लॉइडच्या जागी मॉर्गन आली हे माझ्या लक्षात नव्हतं.

गुणांच्या सामन्याबद्दल माझं मत तेच आहे. सावाचा निरोप मला अजूनही जास्त मोठा वाटतो. तुमची ती चित्रफीत आता आवाज चालू करून पाहिली, आधी बंद ठेवून पाहिली होती. पेनल्टी गेल्यावरसुद्धा लोक ओरडणं थांबवत नाहीत. हे मी कुठल्याच मैदानावर ऐकलेलं नाही.


राखीव बाकावरची

जुना बॅक, तुम्हाला बाहेर आणलं ते कितवं मिनिट होतं? आणि नंबर कुठला?


जुना बॅक

एकाहत्तरावं. नंबर तीन.